हद्दीवरचा शेवटचा नळ

४ जानेवारी

पाइप पुरवणाऱ्या कंपनीने यंदाही पाणीखात्यात डायऱ्या वाटल्या. मोठ्या साहेबांना चामड्याची, माझ्या हाताखालच्या ज्युनियरला रेक्झिनची आणि मला उरलेली ही. हिच्यात रविवारला अर्धंच पान आहे. माझे रविवार अर्ध्या पानात मावतात हे कंपनीला कुणी सांगितलं कोण जाणे. पण फुकटची वस्तू टाकवत नाही, म्हणून लिहायला घेतली.

आजची बातमी म्हणजे धाकट्याच्या वसाहतीने पाण्यासाठी अर्ज केलाय. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने शहराच्या हद्दीबाहेर जागा घेतली, तेव्हा मला म्हणाला होता, "दादा, इथे कर नाही, कटकट नाही, घराभोवती मोकळी जागा. तूही चल." मी विचारलं, पाण्याचं काय? म्हणाला, बोअर आहे, गोड पाणी आहे. आता त्या गोड पाण्याला खार चढलाय, भांड्यांवर पांढरे डाग पडायला लागलेत, आणि मंडळींना पालिकेची आठवण झाली. अर्जावर पहिली सही धाकट्याचीच. तीही अशी ऐसपैस, की खालच्याने अंग चोरून करावी.

हद्दीबाहेर पाणी द्यायचं की नाही, याचं आमच्या पालिकेकडे धोरणच नाही. आजवर कुणी मागितलंच नव्हतं. मोठे साहेब म्हणाले, "मसुदा तुम्ही करा. तुम्ही त्याच बाजूला राहता, परिसर तुमच्या पायाखालचा आहे." परिसर कसला! माझं घर हे शहराचं शेवटचं घर. कुंपणापलीकडे हद्दीचा दगड, मग ओसाड मैदान आणि मैदानापलीकडे धाकट्याची वसाहत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं छप्पर दिसतं. लाल. पाण्याची मेन लाइन माझ्या दाराशी येऊन संपते, म्हणजे त्याला पाणी द्यायचं तर माझ्याच दारावरून न्यायचं.

आई त्याच्याकडे असते. चार दिवस राहून येते म्हणून गेली होती.

७ जानेवारी

इतर शहरांची धोरणं मागवून वाचली. कुणी म्हणतं, आधी हद्दीत या, कर भरा, मग पाणी मागा. कुणी म्हणतं, पाइपाचा खर्च तुमचा आणि दर दीडपट. एका शहराचा नियम तर मला फारच आवडला. शहरातल्या शेवटच्या नळाला पुरेसा दाब असेल तरच लाइन पुढे न्यायची, नाहीतर नाही. भावना नको, वशिला नको. गेज लावायचा आणि काटा बघायचा.

तिन्ही अटी मसुद्यात घातल्या आणि बायकोला वाचून दाखवल्या. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, चेहरा बघून दुखणं ओळखायची तिला सवय आहे. म्हणाली, "अहो, तहान लागलेल्या माणसासाठी हे जरा लांबलंच."

"मग काय, कर आपण भरायचा आणि पाणी यांनी प्यायचं?"

"कराचं नाहीये हे दुखणं," म्हणाली आणि भांडी लावायला गेली.

मग कशाचं? माझीच डायरी आहे, लिहायला हरकत नाही. आई गेली याचं मला वाईट वाटत नाही. ती त्याच्याकडे गेली याचं वाटतं. इथे तिला काय कमी होतं? एका कामाला हात लावू दिला नाही मी तिला. कपसुद्धा विसळू दिला नाही. खुर्चीत बस, टीव्ही बघ, म्हणायचो. आणि तिकडे? तिकडे ती झाडांना आळी करते, गवंड्यांना दटावते. धाकटा तिला "आमचा मुकादम" म्हणतो आणि ती खुदकन हसते. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, मुद्दाम. या वयात आईला राबवतो आणि वर कौतुक करून घेतो! कानामागून आला आणि तिखट झाला, तो असा.

त्याचं घर मी अजून पाहिलेलं नाही. पाहणारही नाही. हद्दीच्या दगडापुढे पाऊल टाकायचं नाही असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

१० जानेवारी, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात आई. वर्षभरात पहिल्यांदा. मी विचारलं, "काय काम काढलंस?" टोचून नाही विचारलं. थोडं टोचून विचारलं. ती पायपुसण्यावर घुटमळली, म्हणाली, "काही नाही रे, सहजच." खुर्चीच्या कडेवर बसून चहा घेतला, कप विसळायला उठली तर मी हातातून काढून घेतला. मग लगेच निघाली. धाकट्याकडे मुक्काम आणि माझ्याकडे सहज! जागा संपली.

१५ जानेवारी

आज आई पुन्हा आली, या वेळी दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "काम आहे बाबा आज. तिकडचं पाणी तोंडात धरवत नाही. एवढे दोन भरून दे."

काय बरं वाटलं म्हणून सांगू! मोकळी जागा धाकट्याची, लाल छप्पर धाकट्याचं, पण पाण्याला शेवटी थोरल्याचाच नळ. मी स्वतः कॅन धुतले, परसातल्या नळाखाली ठेवले. आई पायरीवर बसली आणि वडिलांची एक गोष्ट सांगायला लागली. एकदा ते पाहुण्यांकडे जाऊन चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी जेवून आले होते, ती. गोष्ट जेवणापर्यंत आली आणि कॅन भरले. माझ्या नळाला दाब दणदणीत आहे. शेवटचा नळ असला तरी उताराचा फायदा मिळतो. पंप न लावता गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतं. आई उठली. म्हणाली, "भरले बाई लवकर."

हद्दीच्या दगडापर्यंत मी कॅन नेऊन दिले. तिथून पुढे तिने नेले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी येणार आहे.

१९ जानेवारी

जे केलं ते लिहितो. आई यायच्या आधी मी फाटकाजवळच्या खड्ड्यातला, घरात येणारं पाणी बंद करायचा स्टॉपकॉक अर्ध्याहून जास्त फिरवून ठेवला. नळाला पेन्सिलीएवढी धार.

कॅन भरेपर्यंत आईचा चहा झाला, वडील दुसऱ्याच्या घरी जेवले ती गोष्ट पूर्ण झाली आणि आणखी दोन झाल्या. बायकोने निवडायला शेंगांचं ताट आईपुढे ठेवलं. मी म्हटलं, "अगं, तिला कशाला?" तर आई म्हणाली, "असू दे रे, हात मोकळे ठेवून गप्पा होत नाहीत." तासभर तरी बसली असेल. तिला दगडापर्यंत पोचवून आल्यावर कॉक पुन्हा पूर्ण उघडला.

यात कुणाचं काय बिघडलं? पाणी माझं, कॉक माझा, आईही माझी. निदान अर्धी.

२९ जानेवारी

मंगळवार-शुक्रवार नेमाने चाललंय. एकच खोट आहे. बसते माझ्याकडे आणि बोलते धाकट्याचं. त्याचं लिंबाचं झाड, त्याची कुत्री, त्याने स्वतः रंगवलेली भिंत. आज म्हणाली, "तो हल्ली फार दमतो रे." मी म्हटलं, "मीही दमतो." ती म्हणाली, "तू लहानपणापासूनच दमलेला आहेस." बायको फिस्सकन हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तिला दगडापर्यंत पोचवून घरात आलो तोच धाकट्याचा फोन. "दादा, तू तरी सांग आईला. आमच्याकडे टँकर येतो, टाकी भरलेली असते. कशाला हे ओझं वाहायचं? माझं ऐकतच नाही."

पाहा कसा मिरवतो! टँकर येतो म्हणे. तरी आई माझंच पाणी पिते, म्हणून त्याच्या पोटात दुखतंय. मी गोड आवाजात म्हटलं, "तिला इथल्या पाण्याची सवय आहे." फोन ठेवल्यावर खिडकीतून बघितलं तर आई मैदानाच्या मध्यावर थांबलेली. तिथे एक खुरटं झाड आहे, कुणी न लावलेलं. तिने एक कॅन सगळाच्या सगळा त्याच्या बुडात ओतला आणि पुढे चालू लागली. ओझं झेपत नसणार. पुढच्या वेळी छोटे कॅन आण म्हणावं.

९ फेब्रुवारी

मंगळवार. समितीपुढे जायच्या आधी शेवटच्या नळाचा दाब मोजून घ्या, असं मोठ्या साहेबांनी मागेच सांगितलं होतं. पण फिटर आजच जाईल हे मला ठाऊक नव्हतं. शेवटचा नळ म्हणजे माझा. आणि आज ऑफिसातून निघायला उशीर होणार, म्हणून मी कॉक सकाळीच फिरवून गेलो होतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर फिटरने टेबलावर आकडा ठेवला. पुरेसा म्हणतात त्या दाबाच्या निम्माही नाही. म्हणाला, "दुसरा नळ चालू ठेवून, रीतीप्रमाणे मोजलाय साहेब. घरी वहिनी होत्या. पण एवढा कमी दाब असून तुम्ही कधी तक्रार कशी नाही केली?"

मी म्हटलं, "चालवून घेतो."

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? बाबा रे, थांब, आईला बसवून ठेवायला मी माझाच नळ आवळून ठेवलाय? खात्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि मग दुसरा विचार आला. आकडा मी काढलेला नाही. गेजने काढलाय. धोरण म्हणतं, काटा बघा. काटा बघितला.

संध्याकाळी आई आली, पेन्सिलीएवढ्या धारेपाशी बसली. मी नेहमीपेक्षा जास्त बोललो.

११ फेब्रुवारी

टिप्पणी लिहिली. "शेवटच्या नळास दाब अपुरा असल्याने हद्दीबाहेर जोडणी देणे शहरातील नागरिकांवर अन्यायकारक ठरेल, सबब अर्ज नामंजूर करण्याची शिफारस." वाक्य छान झालंय. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. "हा माणूस बघा. खात्यात असून घरी दाब नाही, आणि ब्र काढला नाही कधी." ज्युनियरसुद्धा आदराने बघत होता. एरवी तो माझ्याकडे बघतो ते मी कधी निवृत्त होतो हे बघायला.

जोडणी मिळाली असती तर काय झालं असतं हे मला स्वच्छ दिसतं. धाकट्याच्या घरी गोड पाणी आलं असतं आणि आईचे कॅन अडगळीत गेले असते. मंगळवार गेला असता, शुक्रवारही. म्हातारपणी आईचे दोन तास मिळाले, तेही पाइपात घालून त्यालाच पाठवू?

जेवताना बायको म्हणाली, "गेज लावला तेव्हा मी होते तिथे. त्याच दिवशी पहाटे आपला नळ भळभळ वाहत होता."

"पाइपात कचरा अडकला असेल."

"कुठेतरी अडकलाय खरा," ती म्हणाली.

४ मार्च

समितीची बैठक. वसाहतीची चार माणसं आली होती. पुढे धाकटा, इस्त्रीच्या शर्टात. त्याला कुठलाही शर्ट शोभतो, लहानपणापासून. माझे जुने झालेले शर्टसुद्धा त्यालाच चांगले दिसायचे.

बोललाही नीट. पाइपाचा खर्च आम्ही करू, दर दीडपट देऊ, हद्दीत घ्या, करही भरू. बोअर खारट झालीय, टँकर खाणीतल्या तळ्यातून येतो आणि तळं उन्हाळ्यात आटतं. वसाहतीत लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. एक नगरसेविका म्हणाल्या, "तीनपैकी दोन अटी हे मान्य करतात. मग अडचण काय?" मोठे साहेब म्हणाले, तिसरी. दाब.

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. "दादा," म्हणाला, मग जीभ चावून, "साहेब, शेवटचा नळ म्हणजे तुमचाच ना? तुमच्याकडे तर पंपाशिवाय गच्चीवर पाणी चढायचं."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "ते पूर्वी."

त्याने पुढे काही विचारलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. अर्ज तूर्त नामंजूर झाला. मी जिंकलो, आणि घरी येऊन दोन घासही नीट खाल्ले नाहीत. त्याने मला साहेब म्हणावं असं किती वर्षं वाटत होतं! ऐकल्यावर कानाला बरं लागलं नाही.

९ मार्च

मंगळवार. आई आली नाही. कॉक फिरवून, चहाचं आधण ठेवून बसलो होतो.

१२ मार्च

शुक्रवार. आजही नाही. कळलं मला सगळं. अर्ज फेटाळला म्हणून धाकट्याने आईला अडवली. तुझ्या थोरल्याने आमचं पाणी तोडलं, त्याच्या दारात जाऊ नकोस, असं म्हणाला असणार. त्याला सगळं मिळालं तरी पुरत नाही. घर झालं, माणसं जोडली, मुकादम मिळाला. माझ्याकडे दोन कॅन यायचे, तेही त्याला बघवले नाहीत. फोन करणार नाही. मला काय गरज?

तीनदा खिडकीशी गेलो. मैदानात कुणी नव्हतं.

१४ मार्च, रविवार

अर्ध्या पानात हे मावणार नाही. सोमवारच्या हद्दीत घुसतो.

बायको दुकानातून आली आणि चपला न काढताच म्हणाली, "धाकटे भाऊजी आले होते, दुखण्याच्या गोळ्या आणि हात बांधायची पट्टी न्यायला. आईंचा हात मोडलाय. समितीच्या दुसऱ्या दिवशी, इथून जाताना पडल्या. मैदानात. कॅनसकट."

मी विचारलं, "मला का नाही कळवलं?"

"आईंनीच सांगू नका म्हणून बजावलंय. थोरला मनाला लावून घेईल म्हणाल्या."

दगडापर्यंत मीच तर पोचवली होती. पुढचं मैदान तिने एकटीने ओलांडायचं, असा माझा नियम. माझ्या पायांना काही झालं नव्हतं. तो दगड पालिकेचा आहे, त्याने मला कधी अडवलेलं नाही.

पायात हाताला लागल्या त्या चपला घातल्या आणि गेलो. दगड कधी मागे पडला ते कळलंही नाही. खुरटं झाड मात्र लागलं. खुरटं राहिलेलं नाही ते आता. आजूबाजूला सगळं वाळलेलं आणि त्याला हिरवीगार पालवी. बुडाशी मातीचं छान गोल आळं केलेलं.

धाकट्याचं घर लहान आहे. खिडकीतून दिसतं त्याहून बरंच लहान, भिंतीचा रंगही कडेला पोपडे धरलेला. आई अंगणात खुर्चीवर, हात गळ्यात. मला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच अपराधी झाला. "अरे, काही नाही, जरासा मुरगळलाय," म्हणाली. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत होतं. धाकट्याची बायको म्हणाली, "बसा दादा," आणि पाणी आणलं. स्वच्छ, गोड पाणी.

मी विचारलं, "हे कुठलं?"

"टँकरचं. प्यायचं वेगळं ठेवतो."

धाकट्याने मला घरामागे नेलं. टाकी दाखवली. काठोकाठ नव्हती, पण होती. म्हणाला, "दादा, मेपर्यंत निभेल. पुढचं माहीत नाही. पण आजवर प्यायला कमी पडलं नव्हतं. तिला किती सांगितलं."

"मग ती का यायची?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी खरंच येडा आहे का याची खात्री करून घेतोय. "तूच विचारलंस म्हणे तिला दारात, काय काम काढलंस. घरी येऊन तिनेच सांगितलं. मग कॅन शोधायला लागली. म्हणाली, थोरल्याकडे जायचं तर काहीतरी काम काढायला हवं बाई."

मी टाकीचं झाकण उगाच नीट बसवलं. तोच पुढे बोलला, जरा रागानेच. "आणि तुझ्याकडून आली की दोन दिवस तुझंच चालतं. थोरला असं म्हणाला, थोरल्याने चहा केला. मी रोज करतो चहा. त्याची कधी बातमी झाली नाही."

हे ऐकून मला जे वाटलं ते लिहायची लाज वाटते. आईचा हात मोडला होता, मी माती खाल्ली होती, आणि तरी आत कुठेतरी गुदगुली झाली. म्हणजे त्यालाही पोटात दुखतं तर!

निघताना आई म्हणाली, "आता काही दिवस पाण्याला येणं नाही व्हायचं हं." जणू रजेचा अर्ज देत होती.

१६ मार्च

पहाटे कॉक पूर्ण उघडला आणि त्याचा दांडा काढून खिशात ठेवला. ऑफिसात गेल्या गेल्या मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरलो. म्हटलं, "साहेब, माझ्या नळाचा आकडा खोटा आहे. त्या दिवशी कॉक मी आवळलेला होता."

"कशासाठी?"

रात्रभर तीन-चार चांगली कारणं जुळवली होती. दुरुस्ती, गळती, बायकोची चूक. एकही तोंडातून निघालं नाही. म्हटलं, "आई पाणी भरायला यायची. धार बारीक असली की जास्त वेळ बसायची."

साहेब बराच वेळ पेनचं टोपण उघडत-लावत राहिले. पाठ थोपटलेला हात आठवत असावा. शेवटी म्हणाले, "आकडा आला तेव्हाच माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि अर्जदार तुमचा भाऊ."

"हो."

"नोटीस द्यावी लागेल. बढतीचं यंदा विसरा." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझी आई माझ्याकडेच असते. पण मी तिच्याजवळ शेवटचा कधी बसलो होतो, काही आठवत नाही." साहेबांचासुद्धा हेवा वाटला. घरातच आहे त्यांच्या.

दुपारी फिटर नवा गेज घेऊन गेला. मी मुद्दाम घरी गेलो नाही.

२४ मार्च

आकडा पुरेसा आला, वर थोडा शिल्लक. समितीने तिन्ही अटींसह धोरण मंजूर केलं. शेवटच्या नळाला दाब, खर्च आणि दीडपट दर अर्जदाराकडे, वसाहत पुढच्या वर्षी हद्दीत. मसुदा शब्दन्‌शब्द माझा, नाव ज्युनियरचं. बढतीही त्यालाच. पेढे वाटायचे सोडून माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, तुमचं मार्गदर्शन." त्याची ती रेक्झिनची डायरी टेबलावर होती. रविवारला पूर्ण पान.

सबंध खात्याला कळलंय. फिटर मला बघून हसला नाही, म्हणजे माझ्यामागे भरपूर हसला असणार.

२० एप्रिल

माझ्या दारासमोर चर खणताहेत. पाइप हद्दीच्या दगडाला वळसा घालून मैदानात चाललेत. मध्यावरचं झाड वाचवायला मी आखणी दोन हात सरकवून घेतली. चर खणणाऱ्यांच्या मुकादमाने कारण विचारलं, मी म्हटलं, खात्याचं झाड आहे.

आई आलेली नाही. हाताचं प्लास्टर सुटलंय, पण आता तिला काम उरलेलं नाही. तिकडे घरात पाणी येणार. आपल्याच हाताने लाइन टाकून देतोय मी, तीही वेळेआधी. मीही तिकडे गेलेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? सहज म्हणून जावं तर, सहज आलेल्या माणसाला माझ्या दारात काय मिळालं होतं ते मला ठाऊक आहे. बायको म्हणते, "जा की." तिचं सोपं आहे.

१३ जून, रविवार

लाइन सुरू होऊन आठवडा झाला. धाकट्याच्या नळाचा दाब मीच मोजून आलो होतो, पण तेव्हा आई डॉक्टरकडे गेली होती. आज जेवण झाल्यावर अडगळीतून पाच लिटरचा एक कॅन काढला, फडक्याने पुसला. बायकोने बघितलं. तिने काहीही विचारलं नाही, त्याबद्दल तिचे आभार.

मैदान ओलांडलं. दार आईनेच उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं, रिकाम्या कॅनकडे बघितलं, चेहरा अगदी गंभीर.

"काय काम काढलंस?"

"पाणी हवं होतं," मी म्हटलं.

"अस्सं," ती म्हणाली. आतून धाकटा ओरडला, "कोण आहे?" तिने सांगितलं, "थोरला. पाण्याला आलाय." माझ्या हातातून कॅन घेतला आणि अंगणातल्या नळाखाली ठेवला. त्या नळाचा दाब मला आकड्यासकट माहीत आहे. पूर्ण सोडला तर कॅन बघता बघता भरतो. आईने तोटी जेमतेम फिरवली. पेन्सिलीएवढीसुद्धा नाही, सुतासारखी धार.

मग शेंगांचं ताट आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसली.

"घे निवडायला," म्हणाली. "भरायला वेळ लागेल."